संसारात राहिलेले मास्टर महाशय
श्रीरामकृष्णांचे गृहस्थ शिष्य महेंद्रनाथ गुप्त यांचे जीवन



आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी येतोच. सकाळी डबा, मग नोकरी किंवा कॉलेज, घरी आजारी आईवडील, मुलांच्या परीक्षा, महिनाअखेरचा हिशेब. या सगळ्यात देवासाठी वेळ कुठून काढायचा? आणि मग मनात येते की ज्यांनी घर सोडले त्यांचेच खरे, आपले काय, आपण प्रपंचातली माणसे.

आज ज्यांची आठवण आपण काढणार आहोत ते आयुष्यभर प्रपंचातच राहिले. ते शाळामास्तर होते. त्यांना पत्नी होती, मुले होती, एकत्र कुटुंबातली भांडणे होती आणि पुत्रशोकही होता. घर सोडून जावे असे त्यांना अनेकदा वाटले. पण त्यांच्या गुरूंनी त्यांना घरीच ठेवले. आणि ते घरी राहिले म्हणूनच श्रीरामकृष्ण परमहंसांची वाणी आज तुमच्या-माझ्यापर्यंत पोहोचली आहे. त्यांचे नाव महेंद्रनाथ गुप्त. भक्त त्यांना मास्टर महाशय म्हणत. पुस्तकावर मात्र त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव कधी मिरवले नाही. तिथे ते फक्त ‘श्रीम’ आहेत.

हुशार विद्यार्थी

महेंद्रनाथांचा जन्म कोलकात्यात १४ जुलै १८५४ रोजी झाला. वडिलांचे नाव मधुसूदन आणि आईचे स्वर्णमयी. घर मोठे, भावंडे पुष्कळ. आईवर त्यांचा विलक्षण जीव होता. लहानपणी ते आईबरोबर माहेशच्या रथयात्रेला गेले होते. परतताना नाव दक्षिणेश्वरच्या घाटाला लागली. राणी रासमणींनी बांधलेले कालीमंदिर तेव्हा नवेच होते. गर्दीत आईचा हात सुटला आणि मूल रडू लागले. तेव्हा कोणीतरी जवळ घेऊन त्यांना शांत केले. ते कोण होते हे त्यांना कधीच कळले नाही. पण मोठेपणी त्यांना वाटत राहिले की कदाचित ते श्रीरामकृष्णच असतील.

हेअर स्कूल आणि प्रेसिडेन्सी कॉलेज या नावाजलेल्या संस्थांत त्यांचे शिक्षण झाले. परीक्षांत ते नेहमी वरच्या क्रमांकात असत. इंग्रजी वाङ्मय, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, इतिहास, संस्कृत काव्य या सगळ्यांत त्यांना गती होती. त्या काळच्या सुशिक्षित बंगाली तरुणांप्रमाणे त्यांच्यावर ब्राह्म समाजाचा, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या व्याख्यानांचा मोठा प्रभाव होता. कॉलेजात असतानाच केशवचंद्रांच्या नात्यातल्या निकुंजदेवींशी त्यांचा विवाह झाला.

एक सवय त्यांना फार लवकर लागली होती. वयाच्या तेराव्या वर्षापासून, म्हणजे १८६७ पासून, ते रोजनिशी लिहीत. दिवसभरात काय घडले, कोण भेटले, कोणती चांगली गोष्ट ऐकली, ते थोडक्यात टिपून ठेवायचे. एका शाळकरी मुलाची ही साधी सवय पुढे कोणत्या कामाला येणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

घर सोडले ती रात्र

शिक्षण संपल्यावर महेंद्रनाथ शिक्षक झाले. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन शाळेच्या एका शाखेत ते मुख्याध्यापक होते. वय सत्तावीस. बाहेर मान होता, पण घरात सुख नव्हते. एकत्र कुटुंबातले कलह इतके वाढले की जगणे नकोसे झाले. १८८२ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री ते घराबाहेर पडले. पुन्हा परतायचे नाही, जीवच द्यायचा, असे मनात होते. निकुंजदेवींनी त्यांना एकटे जाऊ दिले नाही. त्याही बरोबर निघाल्या.

वाटेत भाड्याच्या घोडागाडीचे चाक मोडले. जवळच एका स्नेह्याचे घर होते, पण तिथे फारसे स्वागत झाले नाही. शेवटी दुसरी गाडी करून दोघे मध्यरात्री वराहनगरला बहिणीच्या घरी पोहोचले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मन हलके व्हावे म्हणून नात्यातला सिद्धेश्वर नावाचा तरुण त्यांना गंगेकाठच्या बागांमधून फिरायला घेऊन गेला. एक बाग पाहून झाली. मग त्याने सुचवले की जवळच राणी रासमणींची बाग आहे, तिथे एक परमहंस राहतात, जाऊ या का? महेंद्रनाथ निघाले ते बाग पाहायला. संध्याकाळ होत होती. एका खोलीत तक्तपोशीवर एक माणूस बसला होता, जमिनीवर भक्त दाटीवाटीने बसले होते आणि सगळे तल्लीन होऊन ऐकत होते. महेंद्रनाथ दारातच थबकले. जीव द्यायला निघालेला माणूस तिथे उभा राहिला आणि त्याला तिथून हलावेसे वाटेना.

वाचकहो, इथे जरा थांबूया. पुष्कळदा आपण समजतो की अध्यात्माकडे वळणारी माणसे आधीपासूनच शांत आणि स्थिर असतात. मास्टर महाशय तसे नव्हते. ते थकलेले, दुखावलेले, घरातून तुटून निघालेले गृहस्थ होते. आपल्यापैकी कोणी अशा अवस्थेत असेल तर त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. असा विचार मनात घेऊन एकट्याने रात्र काढू नये. निकुंजदेवींसारखे कोणीतरी सोबत असू द्यावे, बहिणीच्या घरासारखे एखादे दार वाजवावे.

विद्येचा अभिमान गळाला

सुरुवातीच्या भेटींतच श्रीरामकृष्णांनी त्यांची चौकशी केली. लग्न झाले आहे का? मुले आहेत का? होय म्हणताना महेंद्रनाथांना संकोच वाटला, कारण हे ऐकून परमहंसांना वाईट वाटल्याचे त्यांना स्पष्ट दिसले. मग पत्नीविषयी विचारणा झाली. ती चांगली आहे पण अज्ञानी आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. तेव्हा श्रीरामकृष्णांनी लगेच उलट विचारले की मग तुम्ही स्वतः ज्ञानी आहात काय? पुस्तके वाचली म्हणजे ज्ञान झाले, अशीच त्यांची तोवरची समजूत होती. तिला पहिला धक्का बसला.

दुसरा धक्का मूर्तिपूजेवरून बसला. मातीच्या मूर्तीला पूजणाऱ्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे, असे महेंद्रनाथांचे मत होते. त्यावर श्रीरामकृष्णांनी कोलकात्याच्या लोकांच्या या उपदेश करण्याच्या हौसेची चांगलीच हजेरी घेतली. ज्याने हे जग केले तो लोकांना समजावण्याचे पाहून घेईल, आपण आधी स्वतःला भक्ती कशी येईल ते पाहावे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. महेंद्रनाथांनी त्या दिवसानंतर त्यांच्याशी वाद घातला नाही.

आणि मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो तुमच्या-माझ्या मनात आहे. संसारात राहून देवाकडे मन कसे लावायचे?

श्रीरामकृष्णांनी दिलेली उत्तरे घरगुती होती. मोठ्या घरात काम करणारी मोलकरीण मालकाच्या मुलांना आपलीच म्हणून सांभाळते, पण तिचे मन तिच्या गावच्या घरी असते. तसे सगळ्यांचे सगळे करावे, आईवडील, पत्नी, मुले यांची सेवा करावी आणि मनात जाणून असावे की आपले खरे घर देवाजवळ आहे. फणस चिरायच्या आधी हाताला तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. कोकणातल्या कोणत्याही घरात हे शिकवावे लागत नाही. भक्तीचे तेल हाताला लावून संसाराचे काम हाती घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ. आणि दूध विरजायचे तर ते एका जागी स्थिर ठेवावे लागते, सारखे हलवले तर दही लागत नाही. म्हणून अधूनमधून एकांत हवा. एकदा लोणी निघाले की ते पाण्यात टाकले तरी तरंगते.

जे घर नकोसे झाले होते त्याच जबाबदाऱ्यांकडे महेंद्रनाथ परतले. घरातल्या अडचणी एका दिवसात संपल्या नाहीत. पण त्या उचलण्याची शक्ती कुठून घ्यायची, ते आता त्यांना कळले होते.

सुट्टीचे दिवस

पुढची साडेचार वर्षे महेंद्रनाथ श्रीरामकृष्णांकडे जात राहिले. पण कसे? नोकरी होती, घर होते. म्हणून मुख्यतः रविवारी, सणासुदीला आणि शाळेच्या सुट्ट्यांमध्ये. भक्तांच्या घरी श्रीरामकृष्ण कोलकात्यात आले की तिथेही ते हजर असत. काही वेळा सलग काही दिवस दक्षिणेश्वरी राहायलाही मिळे. ५ ऑगस्ट १८८२ रोजी श्रीरामकृष्ण आणि विद्यासागर यांची जी प्रसिद्ध भेट झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

घरी आल्यावर ते रोजनिशी उघडत. तिथे, त्यांच्यासमोर बसून, ते काही लिहीत नसत. जे ऐकले ते मनात साठवून घरी आणायचे आणि रात्री थोडक्या शब्दांत टिपायचे. तारीख, वार, तिथी, वेळ, कोण कोण बसले होते, कोणते भजन झाले, श्रीरामकृष्ण कोणत्या दिशेला तोंड करून बसले होते, हे सगळे त्यात असे. कधी एका दिवसाची नोंद पुरी व्हायला बरेच दिवस लागत. ही टिपणे त्यांनी स्वतःच्या साधनेसाठी ठेवली होती. आठवड्याचे बाकीचे दिवस संसारात काढताना पुन्हा पुन्हा वाचून मनन करता यावे, एवढाच हेतू होता.

मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्याकडे पहिल्याच वर्षी सांगतात की व्यवहार झाला त्याच दिवशी नोंद करा, उद्यावर टाकू नका. मास्टर महाशयांच्या नोंदी वाचताना मला ते आठवते. त्यांच्याकडे वेळ थोडा होता, म्हणूनच बहुधा त्यांनी त्यातला एक क्षणही वाया जाऊ दिला नाही. आज जगभर वाचला जाणारा हा ग्रंथ एका नोकरदार माणसाच्या सुट्टीच्या दिवसांतून उभा राहिला आहे.

नोकरी सोडली तो दिवस

१८८५ मध्ये श्रीरामकृष्णांना घशाचा कर्करोग झाला. उपचारांसाठी त्यांना आधी कोलकात्यातील श्यामपुकूर येथे आणि डिसेंबरमध्ये काशीपूरच्या बागेत आणले. महेंद्रनाथांचे येणेजाणे वाढले. त्या सुमारास शाळेच्या परीक्षेचा निकाल अपेक्षेइतका चांगला लागला नाही. मुख्याध्यापकांचे लक्ष परमहंसांकडे असल्याने असे झाले, अशा अर्थाचे विद्यासागर बोलले.

विद्यासागर मोठ्या मनाचे होते आणि शाळेची काळजी करणे हे त्यांचे कामच होते. महेंद्रनाथांनीही त्यांच्याविषयीचा आदर कधी सोडला नाही. पण गुरूंच्या सेवेवर ठपका आलेला त्यांना सहन झाला नाही. त्यांनी राजीनामा दिला. घरात खाणारी तोंडे होती आणि हाती दुसरी नोकरी नव्हती. गृहस्थासाठी हा निर्णय किती जड असतो, हे महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्यांनी काशीपूरला जाऊन झाला प्रकार सांगितला तेव्हा श्रीरामकृष्णांनी त्यांनी योग्यच केले असे सांगून त्यांना धीर दिला. लवकरच सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी त्यांना रिपन कॉलेजमध्ये शिकवण्यासाठी बोलावले आणि घराची चिंता मिटली.

पुत्रशोक

याच काळात त्यांच्या घरावर मोठा आघात झाला होता. त्यांचा थोरला मुलगा सात-आठ वर्षांचा असताना गेला. निकुंजदेवी दुःखाने वेड्यासारख्या झाल्या. आई म्हणून त्यांचे काळीजच तुटले होते.

श्रीरामकृष्ण तेव्हा स्वतः असह्य वेदनेत होते. गळ्यातून घास उतरत नव्हता. तरी त्यांनी निकुंजदेवींची आठवण ठेवली. काशीपूरला येऊन शारदादेवींजवळ काही दिवस राहावे, लहान मुलीलाही बरोबर आणावे, असे त्यांनी सांगितले. मृत्यू अटळ आहे, आत्मा अमर आहे, असा कोरडा उपदेश त्या आईला कोणी केला नाही. तिला मायेची सोबत दिली गेली.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. त्याच महिन्याच्या अखेरीस शारदादेवी वृंदावनाच्या यात्रेला निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबरच्या भक्तांमध्ये निकुंजदेवीही होत्या. एक नुकत्याच विधवा झालेल्या, दुसऱ्या मूल गमावलेल्या. दोघींनी एकमेकींना किती आधार दिला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

वाचकहो, घरातला एक जण साधक असला की बाकीचे दुर्लक्षित राहतात, अशी तक्रार आपण ऐकतो. मास्टर महाशयांच्या घरी पत्नीला बाजूला ठेवून भक्ती झाली नाही. जिला त्यांनी एकेकाळी अज्ञानी म्हटले होते, तिला गुरूंच्या आणि शारदादेवींच्या पायाशी स्वतःची जागा मिळाली.

मग संन्यास का नाही?

महेंद्रनाथांना संन्यासाची ओढ होती. श्रीरामकृष्णांजवळ त्यांनी तसे बोलूनही दाखवले. पण त्यांना परवानगी मिळाली नाही. श्रीरामकृष्णांनी त्यांना समजावले ते असे की भागवत सांगणाऱ्या पंडिताला जगन्माता एखाद्या बंधनाने संसारात बांधून ठेवते, नाहीतर लोकांना भागवत सांगणार कोण?

नरेंद्र, राखाल, बाबूराम यांच्यासारखे तरुण घर सोडून वराहनगरच्या पडक्या घरात मठ करून राहू लागले. बाबूराम तर महेंद्रनाथांच्याच शाळेतला विद्यार्थी. त्यांच्या शाळेतली इतकी मुले श्रीरामकृष्णांकडे गेली की कोलकात्यात त्यांना मुले पळवणारा मास्तर असे गमतीने म्हटले जाई. ती मुले संन्यासी झाली आणि मास्तर घरी राहिले.

त्यांनी काय केले? मठात खायला पुरेसे अन्न नव्हते. सुरेंद्रनाथ मित्रांसारखे काही गृहस्थ भक्त खर्च उचलत होते, त्यात महेंद्रनाथही होते. ते एका वेळी एकाहून अधिक शाळांत शिकवत. एका ठिकाणचा पगार मठातल्या गुरुबंधूंसाठी, एका ठिकाणचा शारदादेवींसाठी आणि एका ठिकाणचा घरासाठी, अशी त्यांनी वाटणी केली होती, असे सांगतात. पैसा त्यांनी टाकून दिला नाही. त्यांनी तो कमावला आणि नेमका जिथे हवा तिथे पोहोचवला.

ओढ मात्र आतून राहिलीच. कधी कधी रात्री ते घरातून निघत आणि कोलकाता विद्यापीठाच्या सिनेट हॉलच्या उघड्या व्हरांड्यात, ज्यांना घर नाही अशा माणसांच्या शेजारी अंथरूण टाकून झोपत. या जगात आपले काहीच नाही, हे विसरायला होऊ नये म्हणून. सकाळी उठून पुन्हा घरी, पुन्हा शाळेत.

कथामृताचा जन्म

श्रीरामकृष्ण गेल्यावर त्या वह्यांचे मोल वाढले. महेंद्रनाथांनी काही भाग शारदादेवींना वाचून दाखवला. ऐकताना त्यांना वाटले की ठाकूरच बोलत आहेत. त्यांचा आशीर्वाद मिळाल्यावर महेंद्रनाथांचा संकोच गेला. १८९७ मध्ये त्यांनी इंग्रजीत छोट्या पुस्तिका काढल्या. त्या वाचून स्वामी विवेकानंदांनी त्यांना उत्साहाने पत्र लिहिले आणि लेखकाने स्वतःला पूर्ण मागे ठेवले आहे याचे विशेष कौतुक केले.

‘श्रीश्रीरामकृष्ण कथामृत’ या बंगाली ग्रंथाचा पहिला भाग १९०२ मध्ये निघाला आणि पाचवा १९३२ मध्ये. म्हणजे पहिल्या नोंदीपासून शेवटच्या भागापर्यंत पन्नास वर्षे गेली. ग्रंथात ते स्वतः कधी मास्टर आहेत, कधी मणी, कधी केवळ एक भक्त. श्रीरामकृष्णांनी त्यांना टोकले, त्यांचा अभिमान उतरवला, ते प्रसंगही त्यांनी जसेच्या तसे ठेवले. स्वतःची बाजू सावरून घेण्यासाठी एक ओळ बदलली नाही. नागपूरच्या रामकृष्ण मठाने प्रकाशित केलेल्या ‘श्रीरामकृष्ण वचनामृत’ या मराठी अनुवादामुळे हा ग्रंथ आपल्या घराघरांत पोहोचला.

अमहर्स्ट स्ट्रीटची गच्ची

१९०५ मध्ये महेंद्रनाथांनी मॉर्टन इन्स्टिट्यूशन ही शाळा विकत घेतली. पुढे ती ५० अमहर्स्ट स्ट्रीट या इमारतीत भरू लागली. वरच्या मजल्यावरच्या एका साध्या खोलीत ते राहत. गच्चीवर झाडांच्या कुंड्या होत्या. संध्याकाळी तिथे माणसे जमत. विद्यार्थी, कारकून, वकील, संन्यासी, परदेशी पाहुणे. ते उपनिषदे सांगत, गीता सांगत, बायबलही सांगत, आणि फिरून फिरून दक्षिणेश्वरच्या त्या खोलीपाशी येत.

या घराशी जोडलेली एक गोष्ट मनाला भिडते. मुकुंदलाल घोष नावाच्या एका मुलाचे कुटुंब पूर्वी याच घरात राहत होते आणि त्याच्या आईचा मृत्यू याच घराशी जोडलेला होता. आईच्या विरहाने आणि जगन्मातेच्या ओढीने व्याकूळ झालेला तो तरुण पुढे तिथेच मास्टर महाशयांकडे येऊ लागला. तो म्हणजे परमहंस योगानंद. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी एक पूर्ण प्रकरण मास्टर महाशयांना दिले आहे. ज्या माणसाने स्वतः मूल गमावले होते, तो आई गमावलेल्या मुलाला धीर देत होता.

आणखी एक जुनी आठवण. सुबोध नावाच्या तरुण शिष्याला श्रीरामकृष्णांनी महेंद्रनाथांकडे जायला सांगितले होते. सुबोध पुढे स्वामी सुबोधानंद झाले. संसारी माणूस देवाविषयी काय सांगणार, असे त्या वेळी त्यांना वाटले होते. ते महेंद्रनाथांच्या कानावर गेले तेव्हा त्यांना राग आला नाही. आपण समुद्राजवळ राहतो, त्याच्या पाण्याचे काही घडे भरून ठेवले आहेत, कोणी आले की त्यातलेच देतो, दुसरे आपल्याकडे आहे काय, अशा अर्थाचे ते बोलले. हाच भाव त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. गच्चीवर येणाऱ्यांना ते बेलूर मठात जाऊन साधूंची सेवा करायला सांगत. अनेक तरुण त्यांच्या सहवासातून संन्यासी झाले. स्वामी नित्यात्मानंदांनी त्यांच्या संवादांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यातून ‘श्रीम दर्शन’ हा सोळा भागांचा ग्रंथ तयार झाला. ज्याने गुरूंच्या नोंदी ठेवल्या, त्याच्याही नोंदी कोणीतरी ठेवल्या.

शेवटचे काम

उतारवयात हाताच्या शिरांच्या दुखण्याने त्यांना फार छळले. तो त्यांचा लिहिण्याचा आधार. तरी पाचव्या भागाचे काम चालूच होते. ३ जून १९३२ च्या रात्री त्यांनी शेवटची मुद्रिते तपासून संपवली. त्यानंतर वेदना वाढल्या. ४ जूनच्या पहाटे, गुरू आणि जगन्माता यांना आळवत, त्यांनी देह ठेवला. गुरुप्रसाद चौधरी लेनमधल्या ज्या घरी शारदादेवी अनेकदा येऊन राहिल्या होत्या, त्याच घरी. सत्त्याहत्तर वर्षांचे आयुष्य आणि वहीतले शेवटचे पानही पुरे झालेले.

आपल्यासाठी

वाचकहो, पैठणच्या एकनाथ महाराजांपासून प्रपंच आणि परमार्थ एका घरात नांदू शकतात, हे आपण ऐकत आलो आहोत. मास्टर महाशयांच्या जीवनात ते घड्याळाच्या, पगाराच्या आणि शाळेच्या घंटेच्या जगात घडलेले दिसते. त्यांना जास्त वेळ मिळाला नव्हता. त्यांचे घर आपल्यापेक्षा शांत नव्हते. त्यांचे दुःख कमी नव्हते. त्यांनी फक्त तीन गोष्टी सोडल्या नाहीत. जिथे प्रकाश दिसला तिथे पुन्हा पुन्हा जाणे, जे मिळाले ते त्याच रात्री जपून ठेवणे आणि ज्यांची जबाबदारी आपल्यावर आहे त्यांना न टाकणे.

या आठवड्यात एवढेच करून पाहूया. सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ सत्संगाला द्या. घरी आल्यावर एक साधी वही घ्या, तारीख घाला आणि मनाला भिडलेली एकच गोष्ट लिहा. मग वही मिटून स्वयंपाकघरात जा, घरातल्या माणसांना काय हवे ते विचारा. सोमवारी कामावर निघताना ते पान एकदा वाचा. मास्टर महाशयांची सुरुवातही एवढ्याशाच वहीपासून झाली होती.